चिमणीचे हातमोजे

मास्तरांच्या शिलाईला तोड नव्हती, गल्लीत कुणालाही विचारा. माणूस मात्र महाचिडका. गिऱ्हाइकानं घाई केली की खेकसायचे, "मग स्वतःच शिवा की!" पण मशीनशेजारच्या खुर्चीतून चिमणी हसली, की स्वारीचा राग कुठल्या कुठे पळायचा.

चिमणी त्यांची नऊ वर्षांची लेक. जन्मापासून चालणं नाही, बोलणं नाही. वरचे दात पुढे आलेले, एकावर एक चढलेले, त्यामुळे ओठ कधी मिटायचेच नाहीत. ब्रश घातला की करकचून चावायची. एकदा तर आईचं बोट रक्तबंबाळ केलं. तेव्हापासून ओल्या फडक्यानं पुढचे दात पुसायचे, नि झालं. झटक्यांची गोळी कडू, म्हणून ती साखरेच्या पाकात कालवून द्यायची. एवढेच काय ते पोरीचे लाड.

गेल्या वर्षी ती स्वतःच्याच गालावर मारायला लागली. बसल्या बसल्या हात उचलायची, की फाडकन! शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अशा मुलांना लागते सवय." झालं, मास्तरांनी मनावर घेतलं. मऊ कापडाचे, आत कापूस भरलेले, मनगटाला बंद असलेले हातमोजे शिवले. इतके सुबक, की शाळेतल्या आणखी चार मुलांसाठी मागणी आली. मास्तरांनी तेही हौसेनं शिवून दिले.

आणि परवा चिमणीचा गाल टम्म सुजला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी खाणं, औषधं विचारून घेतली, मग आईबापाला धरायला लावून बॅटरीनं तोंडात पाहिलं. "दाढ पार सडलीय. वेड्यावाकड्या दातांत घास अडकतो, तोंड उघडं म्हणून कोरडं पडतं, त्यात हे पाकातलं औषध. दुखणं जुनं आहे. गालावर मारायची का हो?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर पोर गाल दाखवत होती, आणि बापानं तिचे हात बांधले होते. ती चार मुलंही डोळ्यांपुढे आली.

"आत्ताच्या आत्ता काढा ती दाढ," ते कसंबसं म्हणाले.

"भूल द्यावी लागेल. हिला झटके येतात, इथे नाही जमायचं. मोठ्या रुग्णालयातच." बाईंनी तिथेच फोन लावला. तारीख मिळाली सात महिन्यांनंतरची. मास्तर चिडले, भांडले, शेवटी हात जोडले. बाई तरी काय करणार? त्यांनी औषध लिहून दिलं. सूज उतरेल, म्हणाल्या. दुखणं अधूनमधून राहील.

घरी येताच मास्तरांनी कात्रीनं मोज्यांचे बंद कापून टाकले. "मार, बाळा. सांग तुला काय सांगायचंय ते."

चिमणीनं मारलं. तिसऱ्या फटक्याला नख डोळ्याखाली लागलं, रक्त आलं.

"अहो, डोळा जाईल पोरीचा!" आई ओरडली. "घाला ते मोजे!"

मास्तर मशीनवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा सुईत दोरा ओवला जाईना. बायकोनं ओवून दिला. नवे बंद शिवून ते चिमणीपुढे आले, तर रोजच्यासारखे तिनं आपणहून दोन्ही हात पुढे केले.

मास्तरांनी मोजे चढवले आणि बंद बांधले.