चाकातली जास्तीची हवा

आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि तिला साताऱ्याहून घरी आणायचं ठरलं, तेव्हा मी आदल्या दिवशीच गाडीच्या चाकांत ठासून हवा भरून घेतली. वाटेत काही होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. पण रस्त्याला लागल्यापासून प्रत्येक खड्डा थेट तिच्या कमरेत जात होता. ती मागच्या सीटवर, दारावरचा दांडा घट्ट धरून बसली होती. तोंडातून शब्द नाही. टाके उसवले की काय, या धास्तीने मी गाडी आणखी हळू घेतली.

शेवटी पंक्चरच्या एका टपरीपाशी थांबलो. तिथल्या बाईंनी चाकावर नुसती थाप मारली.

"दादा, दगड केलाय की ह्याचा! एवढी हवा कुणी भरली?"

"मीच सांगितलं भरायला. आई बसणार होती ना."

त्या हसल्या आणि वाकून एकेका चाकातली हवा मापात आणू लागल्या. तो फुस्स आवाज ऐकता ऐकता माझेही खांदे खाली आले. माझी काळजी ही अशीच, सगळ्याला टणक करून सोडणारी. आठवडाभर मी आईला उठू नको, वाकू नको, बोलू नको असंच दटावत होतो.

गाडी निघाली. पुढचा खड्डा आला, हलकेच गेला. आरशात पाहिलं, तर तिने दांडा सोडला होता.

"काय रे," ती म्हणाली, "आता बोलले तर चालेल का?"