क्रेटवरची बैठक

दिलीप सबनीस हा माणूस खडूस आहे, असं पद्मजाने पहिल्या भेटीतच ठरवून टाकलं होतं. आज हे कबूल करताना ती पोट धरून हसते. तेव्हा मात्र बाई अगदी ठाम होती. आइंडहोवनच्या मराठी मंडळाचा गणपती, भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल, आरती ऐन रंगात आलेली. आणि हे गृहस्थ शांतपणे पुढे गेले, माइकचा आवाज कमी केला, झांजवाल्यांना दंडाला धरून पार मागच्या भिंतीशी नेऊन उभं केलं आणि कोपऱ्यात मुलांच्या शाळांवर चर्चा करणाऱ्या बायकांना म्हणाले, "बोलायचं असेल तर बाहेर बाक आहे."

त्या बायकांत आमची पद्मजाही होती. तिने तिथल्या तिथे त्यांचं नाव हेडमास्तर ठेवलं आणि घरी जाताना नवऱ्याला, निहारला, बजावलं की ह्या माणसाला कधी घरी बोलवायचं नाही. निहारने पंधरा दिवसांत त्यांना चहाला बोलावलं. नवऱ्यांच्या कानांची रचनाच तशी असते, त्याला तो बिचारा काय करणार.

सबनीस कॉम्प्युटरच्या चिपा बनवायची मशिनं करणाऱ्या कंपनीत इंजिनियर. पन्नाशी उलटलेली, पोट थोडं पुढे, केस बरेच मागे. त्या मशिनांना म्हणे धुळीचा कण चालत नाही. ह्यांना तशी आवाजातली खरखर चालत नाही. आठवडाभर कंपनीची नोकरी आणि महिन्यातल्या एका शनिवारी गावाबाहेरच्या 'द स्खूर'मध्ये साउंडचं काम, तेही हौसेने. स्खूर म्हणजे कोठार. पूर्वी तिथे बटाटे ठेवायचे. आता तिथे बँजो, गिटारी आणि माणसाएवढी उंच व्हायोलिनची थोरली बहीण, म्हणजे डबल बेस, घेऊन डच मंडळी अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या वळणाची गाणी गातात. डोंगरावर, खाणीवर, मेलेल्या खेचरावर. अख्ख्या देशात एक धड टेकडी नाही, पण डोंगराच्या आठवणीने ह्यांचे डोळे भरून येतात. येऊ देत बापडे.

तर हेडमास्तर चहाला आले, सोफ्यावर बसले आणि त्यांची नजर गेली थेट कपाटावर. तिथे व्हायोलिनची पेटी होती, वर रिकामी सूटकेस, सूटकेसवर जाड रजई. त्यांनी विचारलं, कोण वाजवतं? पद्मजा म्हणाली, कोणी नाही. निहार म्हणाला, ही वाजवते. पुण्यात बारा वर्षं गुरूंकडे शिकलेली, रेडिओवर वाजवलेलं. इथे आल्यावर बंद.

बंद का, तर त्याला एक असं कारण नव्हतं. घराला घर चिकटलेलं, शेजारच्या आजोबांनी अगदी गोड हसून विचारलं होतं की संध्याकाळी सहानंतर नको ना. आणि दिवसा एकटीने कोणासाठी वाजवायचं? इथल्या एका म्युझिक स्कूलमध्ये ती चौकशीला गेली, तर तिथल्या बाईंनी तिची मांडी घालून वाजवायची पद्धत पाहिली आणि प्रेमाने सांगितलं की आपण आधी उभं राहायला शिकू. ह्या वयात उभं राहायला शिकायचं. पद्मजा जी परत आली, ती पेटी कपाटावर. तिचा भाऊ गौरव ऑफिसच्या कामासाठी दोन महिने द हेगला आला होता. जाताना तो व्हायोलिन पुण्याला नेणार, त्याची मुलगी शिकेल, असं ठरूनही गेलं होतं.

सबनीसांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, थोडं वाजवा. पद्मजाने आढेवेढे घेतले, मग सतरंजी घातली, तारा जुळवल्या आणि भूप वाजवला. हात गंजला होता. पण मध्येच एका सुरावरून दुसऱ्यावर सरकताना मींड अशी काही लागली की तिचं तिलाच बरं वाटलं. सबनीस डोळे मिटून बसले होते. चहा गार झाला, त्यावर साय आली. संपल्यावर वा नाही, छान नाही. फक्त म्हणाले, "भावाला अजून पेटी देऊ नका."

त्याचं असं होतं, स्खूरमध्ये गाणाऱ्या एनस्खेडेच्या वाउटरच्या बँडमधली व्हायोलिनवाली मुलगी बाळंतपणासाठी सुट्टीवर गेली होती आणि वाउटर हवालदिल झाला होता. सबनीसांनी त्याला आपल्या गॅरेजमध्ये बोलावलं, पद्मजालाही. गॅरेजमध्ये गालिचा होता, ती त्यावर बसली. वाउटरची निम्मी गाणी पाचच सुरांतली, म्हणजे भूपाच्या चुलत घराण्यातली. शब्द वाउटरच्या गावच्या बोलीतले, ते तिला कळले नाहीत, पण सूर घरचे निघाले. दोन तालमी झाल्या. वाउटर एवढा खूश की त्याने तिला तीन वेळा मिठी मारली आणि ती तिन्ही वेळा ओंडक्यासारखी उभी राहिली.

कार्यक्रम शनिवारी, गौरवचं विमान सोमवारी. पद्मजाने निहारला सांगून ठेवलं: शनिवारी जमलं तर पेटी इथे, नाही जमलं तर सोमवारी पुण्याला. मग तो विषय पुन्हा काढायचा नाही.

शनिवारी दुपारी स्खूरमध्ये पाय टाकल्याबरोबर तिच्या लक्षात आलं, जे गॅरेजमध्ये तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. स्टेज जेमतेम वीतभर उंच. खाली खुर्च्या. ती मांडी घालून बसली की समोर गुडघ्यांची रांग. वाउटर म्हणाला, एक दिवस खुर्चीवर बसशील? बसली. उभी राहशील? राहिली. आता बघा, मांडी घालून वाजवताना व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकलेलं असतं, त्यामुळे डावा हात मोकळा, तारेवरून हवा तसा घसरतो. उभं राहिलं की तोच हात वाद्य सावरण्यात अडकतो. मींड यायची तिथे उचकी आली. दोनदा प्रयत्न केला, दोनदा उचकी. पद्मजाने गज पुसला, व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि वाउटरला नीट इंग्रजीत सांगितलं की सॉरी, तुम्ही माझ्याशिवायच वाजवा. रडली नाही. रडायला तिला पार्किंगपर्यंत जायचं होतं.

सबनीस तेव्हा खुर्च्यांवर बसत होते. ही त्यांची पद्धत. दुसरे लोक आपल्या बटणांपाशी उभे राहून आवाज ठरवतात. हे हॉलमधल्या एकूण एक खुर्चीवर जाऊन बसतात, मान वाकडी करून ऐकतात, उठून पुढच्या खुर्चीवर. लोक त्यांची चेष्टा करतात. ते शेवटच्या रांगेतून ओरडले, मराठीत, "पद्मजा, पेटी उघडा आणि खाली बसा."

ती म्हणाली, बसले तर दिसत नाही. ते म्हणाले, मला कळतंय, मी तिथेच बसलोय. आणि न दिसणारं वाद्य लोक ऐकत नाहीत, ते त्यांना रेकॉर्ड वाटतं. तिने सांगितलं की वाउटरच्या मते खुर्चीची सवय होईल हळूहळू.

सबनीस उठून पुढे आले. "इथे आल्यापासून तुम्ही किती सवयी केल्यात?" त्यांनी विचारलं. "सायकल झाली, भाषा झाली, थंडी झाली. आता एक सवय ह्या हॉलला करू दे."

आणि ते बारमागच्या खोलीत गेले. बियरच्या रिकाम्या क्रेट आणल्या, उलट्या करून एकावर एक मांडल्या, गणपतीचा चौरंग मांडतात तशा. त्यावर कोठाराचा एक जुना दरवाजा. त्यावर प्रवेशदारापाशी अंथरलेला गालिचा, चांगला झटकून. दरवाजा हलतो का बघायला आधी निहारला वर बसवलं, कारण लग्नानंतर निहारने अंगाने चांगलीच प्रगती केली आहे. दरवाजाने हूं की चूं केलं नाही. मग पद्मजा चढली. सबनीसांनी माइक तिच्या उंचीला आणला आणि पुन्हा सगळ्या खुर्च्यांवर बसून आले. वाउटर म्हणाला, ही आता आमच्यापेक्षा वर दिसते. सबनीस म्हणाले, दिसू दे.

रात्री हॉल भरला. आधी एका मुलीने एकटीने गिटारवर गाणी म्हटली, मग वाउटरचा बँड. पहिली दोन गाणी पद्मजाने हातचं राखूनच वाजवली. बियरच्या क्रेटवर बसलोय हे आईला कळलं तर, हाच विचार मनात. तिसरं गाणं होडीची वाट बघणाऱ्या कोणा विधवेचं. त्यात वाउटरने तिच्यासाठी जागा सोडली होती. तिने डोळे मिटले आणि मींड घेतली, खालच्या पंचमापासून सावकाश वर, घाई नाही, काही नाही. ती संपली आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात, आणि बारवरची आन्स हातातला ग्लास पुसायचा विसरली.

पद्मजाला टाळ्यांपलीकडे, मागे, बटणांपाशी उभे असलेले सबनीस दिसले. ते टाळ्या वाजवत नव्हते, कसलंतरी बटण किंचित फिरवत होते. तिला एकदम भरून आलं. खेमेंतेपासून, म्हणजे इथल्या नगरपालिकेपासून, म्युझिक स्कूलपर्यंत जो तो तिला जरा सरकायला सांगत होता, आणि तीही निमूट सरकत होती. तू नेहमी कशी बसतेस, हे इतक्या वर्षांत एवढ्या एका माणसाने पाहिलं. हेडमास्तर कुठले.

कार्यक्रम संपल्यावर तिने वरूनच निहारला सांगितलं की गौरवला फोन कर, त्याच्या बॅगेत जागा झालीय, हवं तेवढं चीज ने म्हणावं. निहार फोन लावतच बाहेर गेला. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून ती तिथेच बसून राहिली. लोक येऊन हात मिळवून जात होते, आणि तीही एखाद्या संस्थानिकाच्या थाटात मिळवत होती. सबनीस वायरी गुंडाळत जवळ आले, तेव्हा तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिने इतकंच म्हटलं, "दिलीपदादा, उद्या जेवायला या." ते म्हणाले, येतो, पण पुरणपोळी असेल तर कटाची आमटी पातळ नको.

तेवढ्यात आन्स आली. साठीची, उंच, खांद्यावर फडका, स्खूर तिच्याच बापाचं असल्यासारखी. तिने क्रेट मागितल्या. सकाळी बियरची गाडी येणार, रिकाम्या क्रेट परत द्यायच्या. सबनीस म्हणाले, ह्या नाही मिळणार. ती म्हणाली, क्रेट बारच्या आहेत. ते म्हणाले, होत्या. पुढच्या महिन्यात पद्मजा पुन्हा वाजवणार, बैठक राहील. पद्मजा घाईघाईने उतरायला लागली, तर त्यांनी वायरीच्या भेंडोळ्यानेच तिला बस म्हणून खुणावलं.

मग त्यांनी आन्सला विचारलं, स्टेजवरच्या सामानाला साउंडवाल्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम कोणी केला? नियम तिनेच केला होता, कोणीतरी माइकच्या स्टँडला ओला कोट अडकवला तेव्हा. ती म्हणाली, तो साउंडच्या सामानासाठी आहे, क्रेटसाठी नाही.

"हिला ह्यावर बसवलं नाही तर साउंड येत नाही," सबनीस म्हणाले. "म्हणजे साउंडचंच सामान झालं."

डच माणसाला त्याचाच नियम दाखवला की तो मोडायला तो धजत नाही. आन्सने एकदा क्रेटकडे पाहिलं, एकदा पद्मजाकडे. फडका झटकून म्हणाली, मग गाडीवाल्याला काय सांगू ते तूच सांग.

"सांग, भरल्या आहेत," सबनीस म्हणाले आणि पुढची वायर गुंडाळायला लागले.