देवाच्या नावावर टाकलेलं बाळ

माझ्या चुलत बहिणीला दिवस गेले तेव्हा मी रत्नागिरीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे सुट्टीत गावी आले की नवीन कळलेलं सगळं घरात सांगायची मला फार घाई असायची. त्या गणपतीत मी काकूला सांगितलं की मधमाशीतला नर बापाशिवाय जन्मतो. राणीमाशीचं अंडं फलित झालं नाही तरी त्यातून नर बाहेर येतो.

मोदकाची पारी करणारे काकूचे हात थांबले. "बापाशिवाय? खरं सांगतेस?"

"पुस्तकात आहे," मी म्हटलं. काकू माझं इतकं लक्ष देऊन कधी ऐकत नसे. मला बरं वाटलं.

बहिणीला तेव्हा चौथा महिना होता. हे मला दोन दिवसांनी कळलं. ती काजूच्या फॅक्टरीत बिया सोलायला जायची. मूल कोणाचं, हे तिने काकूला, म्हणजे आपल्या आईला, स्पष्ट सांगितलं होतं. मे महिन्यात मुंबईहून गावी आलेला, मानकऱ्यांचा पुतण्या. मानकरी म्हणजे आमच्या देवळात पहिला नारळ ज्यांचा, ते. बहिणीचं मागणं एवढंच होतं की त्याने कबूल करावं आणि मुलाला बापाचं नाव मिळावं.

मानकरी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. म्हणाले, "देवाला विचारू."

आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न मानकऱ्यांनी ठरवला : "यात कुठल्या माणसाचा दोष आहे काय?"

उजवी पडली. कळी जास्त भिजली होती, असं ठरलं. पुन्हा लावली, पुन्हा उजवी. मग पंख्याचा वारा लागला म्हणून पंखा बंद झाला. तिसऱ्या वेळी डावी पडली आणि सभामंडपातल्या सगळ्यांनी हात जोडले. माणसाचा दोष नाही, म्हणजे देवाचं देणं. "कुंतीला नाय का झालं?" कोणीतरी म्हणालं. कुंतीने ते मूल नदीत सोडलं होतं, हे कोणालाच आठवलं नाही.

मला त्या माणसांची किळस आली. शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडणारी, दुकानदाराचा वजनकाटा दहा वेळा तपासणारी ही माणसं. गाय गाभण राहिली तर बैल कोणाचा ते यांना तोंडपाठ. आणि इथे म्हणे बापच नाही! पण हे लिहिताना हात अडखळतो. मी कॉलेजला जावं की नाही, याचाही कौल वडिलांनी तिथेच लावला होता. तो पहिल्या फटक्यात मिळाला आणि मी पेढे वाटले.

मग मानकऱ्यांनी मला पुढे बोलावलं. गावाच्या बैठकीत बाईमाणूस बोलल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला उभं केलं, कारण काकूने माझी मधमाशी त्यांच्या घरापर्यंत पोचवली होती.

"बाय, तू सायन्सवाली. बापाशिवाय जन्म व्हतो ना?"

"मधमाशीत होतो, पण..."

"ऐकलंत? सायन्सपण तेच सांगतंय!"

"पण सस्तन प्राण्यांत..."

"ते सस्तन का काय ते ऱ्हाऊ दे. व्हतो ना?"

माझ्या तोंडी पुस्तकाचीच भाषा येत होती. 'माणसात होत नाही' हे तीन शब्द मला सुचले नाहीत, की धीर झाला नाही, ते अजून नक्की सांगता येत नाही. मी खाली बसले. त्या बैठकीत मला सगळ्यात तुच्छ वाटलं ते माझंच शिक्षण.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने बहीण उठली.

"मी माशी नाय. तीन वेळा देवाला विचारलंत. मला एकदा तरी विचारलंत?" आणि तिने पुतण्याचं नाव घेतलं, आडनावासकट.

काकूने तिच्या थोबाडीत मारली. "देवानं तुझी अब्रू राखली, नि तू ती घालवतेस?" काकू रडत होती. तेव्हा मला कळलं की त्या मंडपात एकटी तीच खरोखर विश्वास ठेवून होती. बाकीच्यांना तो विश्वास फक्त सोयीचा होता.

मी पुन्हा उभी राहिले. "माणसात बापाशिवाय होत नाही. बाळ झाल्यावर तपासणी करता येते. बाप कोण ते कळतं."

मानकऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "जेवणं व्हायची आहेत." बैठक उठली.

पुतण्याने आजवर काही कबूल केलेलं नाही. दिवस भरले तेव्हा बहिणीला घेऊन मी आणि काकू एसटीने सरकारी दवाखान्यात गेलो. नर्सने केसपेपर भरताना बापाचं नाव विचारलं. काकूने मान फिरवली. बहिणीने कळ दाबत नाव सांगितलं. नर्सला नीट ऐकू आलं नाही, तेव्हा दुसऱ्यांदा मी सांगितलं. काकू त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.