पाच मात्रांच्या आठ तऱ्हा

पुणे स्टेशनवर उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. हातात संत्रा बर्फीचा डबा आणि डोक्यात बायकोचा हुकूम: पोरीला घेऊनच या. आमच्या वर्ध्याच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली होती आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आमची सुजाता मात्र एम.एस्सी. संपवून पुण्यातच संशोधन करायचं म्हणत होती. कशावर, तर एका आकड्यांच्या माळेवर. मी वीज मंडळातला निवृत्त लाइनमन. तारेत करंट आहे की नाही एवढं मला कळतं, माळेत काय आहे ते कळेना.

सुजाता न्यायला आली होती. वाळली होती, पण डोळे हसरे होते. तिची खोली वारज्याला. जाताना वाटेत मंडईत थांबलो, कारण तिला माझ्या हातची वांग्याची भाजी हवी होती. सवयीने मी सांबार (इथे त्याला कोथिंबीर म्हणतात) मागितला. भाजीवाले काका मान वर न करता म्हणाले, "सांबार हॉटेलात. इथे भाज्या विकतो आपण." पुण्याबद्दल जे ऐकलं होतं ते खरं निघालं. कोथिंबीर मात्र हिरवीगार होती.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. वाद घालण्याऐवजी तिने बादली पालथी घालून माझ्यापुढे ठेवली. आमच्या वस्तीच्या भीमगीतांच्या पार्टीत मी तरुणपणापासून ढोलकी वाजवतो. पालथं भांडं दिसलं की माझा हात थांबत नाही, हे तिला ठाऊक.

"बाबा, एक मात्रेची थाप आणि दोन मात्रांची थाप, दोनच वापरायच्या," ती म्हणाली. "तीन मात्रा किती तऱ्हांनी भरतील?"

वाजवून पाहिलं, तीन. चार मात्रांच्या पाच निघाल्या. पाच मात्रांना मात्र माझा हिशेब बिघडला. दर वेळी एक थाप जास्तच पडायची. पोरीने माझा हात धरला.

"पुढच्या आवर्तनाची सम आधीच वाजवता तुम्ही. पाचावर थांबा."

ढोलकीवाल्याला समेच्या आधी थांबणं फार जड जातं. दर वेळी पाचव्या मात्रेनंतर हात मांडीखाली दाबला, तेव्हा आठ भरल्या. सहा मात्रांसाठी सरसावलो, तर म्हणाली, न वाजवता सांगा.

मी विचार केला. शेवटची थाप एक तर छोटी, नाही तर मोठी. छोटी असेल तर तिच्याआधी पाच मात्रा, त्यांच्या तऱ्हा आठ. मोठी असेल तर आधी चार, त्यांच्या पाच. म्हणजे तेरा. आयुष्यभर वाजवलं, पण या वाटेला कधी गेलो नव्हतो.

मग तिने सांगितलं, हीच ती फिबोनाची श्रेणी. मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. आपल्याकडे छंदशास्त्राच्या जुन्या जाणकारांनी लघु-गुरू मोजताना ती फार पूर्वीच मांडली होती. सूर्यफुलाच्या बियांच्या वळणांतही बहुधा हेच आकडे सापडतात. म्हणून लोक वेडे होतात.

"आणि तू?" मी विचारलं.

"यातल्या मूळसंख्या कुठे संपतात की संपतच नाहीत, ते अजून कोणालाच माहीत नाही, बाबा. मला निदान थोडं पुढे जाऊन बघायचंय."

हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की शाळेचं नाव माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही. सोमवारी तिने नकार कळवला. मी शेजारीच बसून होतो.

परतताना गाडी वर्ध्याला थांबली. कमल, माझी बायको, फलाटावर आली होती. मी उतरलो तरी ती माझ्यामागे डब्याच्या दारातच बघत राहिली. गाडी हलल्यावर म्हणाली, "एकटेच आले?"

"हो."

प्रवासभर उत्तर जुळवत होतो, ते धड जुळलं नव्हतं. तरी म्हणालो, "कमल, तिच्या त्या माळेत पुढचा आकडा मागच्या दोघांवर उभा राहतो. पण मागचे दोघं त्याच्यासोबत जात नाहीत. ते आपापल्या जागीच राहतात."

तिने पदराने डोळे पुसले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागली. जिन्यापाशी थांबून म्हणाली, "फोन लावा तिले. म्हणा, आम्ही आहो जागेवर."