मामंजींचा दुसरा फिल्टर

लग्न होऊन मी गिरगावातून चिंचपोकळीच्या चाळीत आले, तेव्हा दुसऱ्याच सकाळी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्यापुढे एक टीपकागद धरला. त्यावर तेलाचा थेंब पसरला होता. मधे काळा गोळा आणि भोवती तपकिरी कडं.

"सूनबाई, काय दिसतंय?"

मला वाटलं, नव्या नवरीचा कौल लावायची ह्या घरात काही रीत असेल. मी पदर सावरून म्हटलं, "सूर्यग्रहण."

"रंग सांग गं, रंग."

"काळा."

"काळा तर मलाही दिसतोय. काजळासारखा की करवंदासारखा?"

मी भीत भीत करवंद म्हटलं. "म्हणजे कचरा आहेच अजून," असं पुटपुटत ते जिना उतरून गेले. आतून सासूबाई म्हणाल्या, "मनार घेव नको गो. त्येंचां ह्यां रोजचांच आसा."

मामंजी लढाईत फौजेचे ट्रक चालवत. लढाई संपल्यावर लिलावात निघालेला एक ट्रक त्यांनी घेतला आणि पुढे त्यात विलायती डिझेल इंजिन बसवून घेतलं. शिवडीच्या गोदामांतून गिरण्यांत कापसाच्या गाठी पोचवायचं काम. ट्रक माझे यजमान चालवायचे आणि मामंजी शेजारी बसून इंजिन ऐकायचे. मधेच हात वर करून म्हणायचे, "गप्प!" बोलत कोणीच नसायचं.

डिझेल इंजिनाच्या तेलात काजळी उतरते, त्यामुळे ते बघता बघता काळं पडतं, आणि ती काजळी इंजिनाला आतून घासत राहते. हे मला स्वयंपाक करता करता कळलं, कारण मामंजी ओट्यापाशी उभे राहून समजावायचे. कंपनीचा फिल्टर इंजिनाला होताच. "पण तो फक्त खडे वेचतो, पीठ कुठे चाळतो?" असा त्यांचा सवाल. त्यांना हवा होता दुसरा फिल्टर. पंपाकडून येणाऱ्या तेलातली एक बारीक धार बाजूला काढायची, ती दाट कापसातून सावकाश झिरपू द्यायची आणि निवळलेलं तेल परत खालच्या चेंबरमध्ये सोडायचं. बाकीचं तेल आपल्या वाटेने इंजिनाला मिळत राहतं. दिवसभराच्या खेपांत हळूहळू सगळं तेल त्या कापसातून जातं. लढाईत कुठल्याशा परदेशी गाडीवर त्यांनी तसलं काही पाहिलं होतं.

यजमान म्हणायचे, "बाबा, त्यापेक्षा तेल लवकर लवकर बदलू."

"बदलेल कोणीही. उद्या तुझा मुलगा मळला तर बदलशील? का आंघोळ घालशील?"

मुलाचा अजून पत्ता नव्हता. मी लाजून मोरीत पळाले.

पुलाजवळच्या लेथवाल्याकडून मामंजींनी लहान घागरीएवढा लोखंडी डबा करून घेतला. वर बोल्टांनी आवळायचं झाकण, एका बाजूने तेल आत नेणारी तांब्याची नळी, खालून बाहेर काढणारी दुसरी. बॉनेटखाली तो डबा बसला, आणि आत काय भरायचं ह्यावर आमच्या घराची परवड सुरू झाली.

आधी गिरणीतलं वेस्ट सूत भरलं. त्याचे तंतू सुटून तेलात तरंगायला लागले. मग नमदा, म्हणजे दाबून केलेलं जाड लोकरीचं कापड, कापून भरला. त्यातून तेल जाईचना. हे कळायची खूण सोपी होती. इंजिन तापल्यावर डब्याला हात लावायचा. डबा गरम लागला तर आतून तेल वाहतंय, गार लागला तर अडलंय. मामंजी रस्त्यात ट्रक थांबवून, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा डब्याला हात लावायचे. फरक एवढाच, की इथे ताप उतरला की त्यांचा चेहरा पडायचा. नमद्यानंतर उश्यांतला कापूस गेला. तो भिजून एका अंगाला गोळा झाला आणि तेल दुसऱ्या अंगाने तसंच घाण निसटून गेलं. आम्ही सगळे चपट्या उश्यांवर निजायला लागलो. यजमानांचा मफलर एका आठवड्यात डब्यात जाऊन काळा होऊन आला.

आणि एके दिवशी जमलं. मामंजी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी हातात घेऊन गॅलरीभर फिरले. तेल मधासारखं दिसत होतं. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना ती काकवी वाटली आणि त्यांनी पट्टीला बोट लावून चाखलं. त्यांना चूळ भरायला पाणी देताना मी मामंजींना विचारलं, "आत काय भरलंत ह्या खेपेला?"

"मऊ सुती कापड. घट्ट गुंडाळून." एवढंच बोलून ते गडबडीने खाली उतरले. एरवी तासभर बोलणारा माणूस एका वाक्यात आटोपला, ह्याचं मला नवल वाटायला हवं होतं. पण मला वेळ कुठे होता? त्याच सुमाराला घरात माझ्यावर बालंट आलं होतं.

सासूबाई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, बॉबिनवर सूत गुंडाळायच्या कामावर होत्या. कामावरून आल्यावर नेसायचं त्यांचं एक जुनं हिरवं लुगडं होतं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, लाल काठाचं. ते नाहीसं झालं. नेमकं त्याच आठवड्यात मी माहेरी जाऊन आले, तेव्हा माझ्या आईने माझ्याबरोबर एक नवं पितळी पातेलं दिलं होतं. सासूबाईंनी पातेलं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मनाशी हिशेब केला की सुनेने लुगडं बोहारणीला घातलं.

त्या तसं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. दाराशी बोहारीण ओरडली की त्या म्हणायच्या, "अगो, तुझी मैत्रीण इली." पातेल्यात मी आमटी केली तर त्या नुसता भात जेवायच्या. मी माहेरची शपथ घेतली, देवावर हात ठेवला. यजमान म्हणाले, "आईच्या तोंडी लागू नकोस, सापडेल." मामंजी तर लुगड्याचा विषय निघाला की टीपकागद घेऊन ट्रककडेच जायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना बायकांची भांडणं सहन होत नाहीत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. शिवाजी पार्कवर मोठी सभा होती आणि चाळीतल्या बायकांना न्यायला आमचा ट्रक ठरला. मागे गाठींच्या जागी आम्ही बायका खचाखच उभ्या. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" ओरडत लालबाग ओलांडलं, आणि परळच्या पुढे पोलिसांनी हात दाखवला. त्या दिवसांत ट्रक दिसला की ते तपासायचेच. हवालदाराने मागे पाहिलं, बायकाच बायका. पुढे येऊन बॉनेट उघडायला लावलं, आणि उडी मारून मागे सरला.

"साहेब! बॉम्ब!"

बॉनेटखाली बोल्ट आवळलेला काळा लोखंडी डबा, त्याला तांब्याच्या नळ्या, आणि हात लावला तर गरम. त्याची काही चूक नव्हती. तरणा इन्स्पेक्टर पिस्तुलाच्या पट्ट्याला हात लावून पुढे आला.

"काय आहे हे?"

हा प्रश्न आपणहून कोणी विचारेल म्हणून मामंजी कित्येक महिने वाट बघत होते. त्यांचा चेहरा उजळला. "फिल्टर, साहेब. तेलाचा."

"फिल्टर हा इथे दिसतोय."

"तो पहिला. हा दुसरा."

"दुसरा कशाला?"

"आता कसं बोललात! असं बघा, पहिला जो आहे तो नुसते खडे..."

ट्रकवरून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. यजमानांनी स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. काजळी, कापूस, बारीक धार, काहीच सुटलं नाही. इन्स्पेक्टरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उघडा. आत काय आहे ते बघू द्या."

मामंजी एकदम थबकले. त्यांनी ट्रकच्या मागच्या बाजूला एक नजर टाकली. "इथे? आत्ता? तेल कढत आहे साहेब. भाजाल."

"थांबतो."

मग सगळेच थांबले. बायका खाली उतरून फुटपाथवर बसल्या. चार जणींनी फुगड्या घातल्या. मामंजींनी तेवढ्यात खिशातून टीपकागद काढून पोलिसांच्या गाडीच्या तेलाचा थेंब त्यावर टाकला आणि इन्स्पेक्टरला दाखवला. "डांबर आहे साहेब हे. सरकारी गाडी आणि ही दशा?" इन्स्पेक्टरने आपल्या ड्रायव्हरकडे रागाने पाहिलं. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण हवालदाराला बॉम्ब हवाच होता. डबा हाताला सोसेल इतका निवल्यावर त्याने स्वतः पाना घेतला, झाकण काढलं आणि वरच दिसणारं टोक धरून ओढलं.

कापड यायला लागलं. काळं, ठिबकणारं, पीळ घातलेलं. तो ओढतोय आणि ते येतंच आहे. द्रौपदीच्या गोष्टीतल्या दुःशासनासारखा तो दमला. शेवटी अगदी गाभ्याकडचा पदर बाहेर आला. तिथवर काजळी पोचली नव्हती. हिरवा रंग आणि त्याला लाल काठ.

फुटपाथवरून सासूबाई उठल्या.

"अगो बाय माजे! ह्यां माजां लुगडां!"

हवालदाराच्या हातातून लुगडं गळून पडलं. सासूबाई मामंजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुमचां टकलां फिरलां काय? बायलेचां लुगडां विंजिनाक नेसवलात?"

"अगं, जुनं होतं..."

"आणि ह्यां अर्धांच आसा! बाकीचां खंय आसा?"

मामंजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सीटखाली. पुढच्या बदलीला ठेवलंय."

बायका इतक्या हसल्या की घोषणांनीसुद्धा तेवढा आवाज झाला नव्हता. इन्स्पेक्टरने टोपी काढून कपाळ पुसलं. "काका, जा तुम्ही. बाई, तक्रार असेल तर चौकीवर द्या, पण आत्ता ट्रक हलवा."

पण ट्रक हलेना. डबा रिकामा ठेवून चालवायला मामंजी तयार नव्हते. "डब्याच्या तळाला साचलेली काजळी परत इंजिनात सोडू? जमणार नाही." तिकडे सभा सुरू झाली असणार. बायका कुरकुरू लागल्या. तेव्हा सासूबाईंनीच सीटखालचं अर्धं लुगडं ओढून काढलं. एकदा नाकाशी धरलं. मग फुटपाथवर मांडी घालून त्या ते गुंडाळायला बसल्या, आणि मला म्हणाल्या, "तू तकडसून ताण दी. सैल सोडू नको."

लुगडं बेपत्ता झाल्यापासून त्या माझ्याशी नीट बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी ताण दिला. वाइंडिंगमध्ये बॉबिन भरावी तसं कापड त्यांच्या हाताखाली सारखं बसत गेलं. मामंजी वाकून बघत राहिले आणि चुकून म्हणून गेले, "वा! हे आधीच तुला सांगायला हवं होतं." त्यावर सासूबाईंनी नुसती मान वर केली. ते पाना घेऊन बॉनेटच्या पलीकडे गेले.

डबा बसवणं, सांडलेलं पुसणं, झाकण आवळणं, ह्यात चार-पाच जणींचे हात बरबटले. तसंच शिवाजी पार्क गाठलं. सभा संपत आली होती. शेवटची घोषणा झाली आणि आम्ही हात वर केले. आमच्या ट्रकवरचे पुढचे सगळे पंजे कोळशासारखे काळे. शेजारी दादरच्या बायकांचा जथा होता. त्यांतल्या एकीने आदराने विचारलं, "निषेधाचं का हो? आम्हाला कोणी सांगितलंच नाही. कशाने करायचं?"

सासूबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्याकडे ट्रक आसा."

घरी आल्यावर त्यांनी माझी माफी वगैरे मागितली नाही. जेवताना सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात पडली, आणि आमटी त्यांनी त्याच पितळी पातेल्यातून दोनदा वाढून घेतली. मामंजींच्या ताटात डोक्याकडचा काटा होता. त्यांनी तो मुकाट्याने चोखला.

महाराष्ट्र झाला, मुंबई त्यात आली, ट्रक धावत राहिला. पुढे त्याचा सांगाडा गंजला, फळ्या कुजल्या, पण इंजिन तसंच ठणठणीत. कारागिराने ते उघडून, झीज लागते का बघायला आत नख फिरवलं आणि म्हणाला, "हे मरायला तयार नाही." म्हणून ट्रक भंगारात काढला आणि इंजिन कोकणातल्या एका मच्छीमाराने आपल्या बोटीसाठी घेतलं. बोट भाऊच्या धक्क्याला लागली होती. इंजिन बसलं, दुसरा फिल्टरही जोडला गेला, आणि मामंजी खलाशांना तो समजावून सांगायला आत उतरले. आम्ही धक्क्यावर उभे. थोड्या वेळाने बोट सुटली. मामंजी आतच.

यजमान हाका मारत धक्क्यावरून धावले. उपयोग झाला नाही. इंजिनाच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नसेल, किंवा ऐकायचं नसेल. दोन-तीन दिवसांनी ते एस.टी.ने परत आले, खांद्यावर सुक्या बोंबलांची परडी आणि चेहऱ्यावर समाधान.

"फार चांगली माणसं हो," परडी खाली ठेवत ते म्हणाले. "पूर्ण ऐकून घेतात."

"बोटीतसून जातले खंय?" सासूबाई म्हणाल्या, आणि बोंबील निवडायला बसल्या.