सीतादहीच्या आधीचा कापूस

"चोट्टी! सीतादहीच्या आधी कापसाले हात लावते?"

मालकानं वंदनाची वेणी मनगटाले गुंडाळली आन् तिले वावराच्या कडेले, धुऱ्यापर्यंत फरफटत नेलं. बैलं हाकायची काठी हातात होतीच. पहिली पाठीवर. दुसरी तोंडावर. तिच्या फ्रॉकच्या खिशातून मूठभर कापूस खाली पडला होता. गुन्हा तेवढाच.

आमच्याकडं पहिल्या वेचणीले मालकीण कापसाच्या झाडाची पूजा करते, दहीभात शिंपडते, मंग बाया वावरात शिरतात. तेच सीतादही. त्याच्या आधी बोंडाले कोणी हात लावत नाही. आन् पाळीतली बाई तर त्या दिवशी वावराकडं फिरकतबी नाही.

मी त्या दिवशी वावरातच होती. तेरा वर्सांची. वडनेरच्या रस्त्याले लागून ते वावर. पोटात कळा याले लागल्या, रक्त पाह्यलं, आन् वाटलं आता मी मरते. पाळी काय असते ते मले कोणी सांगतलंच नव्हतं. वंदना माह्याहून वर्साभरानं मोठी, तिले समजलं.

"भेऊ नोको येडे. थांब, कापूस आणते."

अशीच होती ती. मलकापूरले मावशीकडं गेली की रेल्वेचे डबे मोजत बसे, आन् आल्यावर मले असं सांगे जशी काही गाडी तिच्याच बापाची. तिनं दोन मुठी कापूस तोडला. एक मले दिली. दुसरी खिशात ठेवली, मंग लागंल म्हणून. तीच मालकाच्या नजरेत आली.

"कोणासाठी चोरला? सांग!"

तो इचारून राह्यला, मारून राह्यला. वंदनानं एकदाच माह्याकडं पाह्यलं. तोंड उघडलं नाही. मी तुरीच्या ओळीमागं उभी. बोलली असती तर सीतादही बाटवलं म्हणून मले सोललं असतं, हे मले बराबर समजत होतं. मी गप राह्यली. भेकड! वेचणीले आलेल्या साऱ्या बायाबी गप. तिची माय शांतामाय मालकाच्या पायावर डोकं ठेवून म्हणून राह्यली होती, "चुकली पोट्टी, मालक, चुकली." तिसरी काठी कानाजवळ बसली. वंदना धुऱ्यावरच्या दगडगोट्यावर पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. कानातून रक्त येतच होतं. गाव म्हणे, ताप डोक्यात चढला. पोलीस आले नाहीत, कोणी बोलावलेच नाहीत. चोरी केली तर मार बसंलच, असं म्हणून सारे मोकळे झाले. शांतामायबी तेच म्हणे. त्या दिवसापासून तिनं लेकीचं नाव चारचौघात घेतलं नाही. लाज वाटे तिले. आन् मी तिच्या बाजूले बसून वर्सानुवर्सं कापूस वेचला.

वीस वर्सं झाली. आता कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी माही हाये. वेचणीले बाया भेटत नाहीत, तर मालक लोक आमच्या दारात येतात. यंदा तोच मालक आला. केस पांढरे, तोंडात साखर. आंगणात साऱ्या बाया होत्या, शांतामायबी होती.

"ताई, गाडी पाठवतो. सीतादही यंदा तुमच्याच हातून करू."

ताई! मी इचारलं, "वंदना आठवते का?"

"कोण वंदना?" मंग हासला. "हाव हाव, ते कापूस चोरणारी? जाऊ द्या ना ताई, जुनं काय उकरता."

माह्या अंगाची आग आग झाली. "माही पाळी आली होती," मी म्हणली. "कापूस माह्यासाठी होता. ती चोट्टी नव्हती. तू मारलं तिले. तू मारून टाकलं."

शांतामाय उठली. वाटलं, त्याच्या अंगावर जाते. तिनं माह्या थोबाडीत हाणली. मंग अजून एक.

"वीस वर्सं मी माह्या लेकीले चोट्टी म्हणली! काऊन नाही बोलली वो? काऊन नाही बोलली?"

ओठ फाटला. मी हात आडवा केला नाही. तो मार माहाच होता, उशिरा भेटला.

मंग तिनं पायातलं पायताण काढलं आन् त्याच्याकडं वळली. तो मोटरसायकलीकडं धावला, घसरला, पडला. तिनं तोंडावर मारलं, डोक्यावर मारलं, हात दुखेपर्यंत मारलं. कोणी तिले धरलं नाही. मीबी नाही. खोटं काऊन सांगू, मले बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, आपसात मिटवून घेऊ. नाही मिटत. टोळीतली एकबी बाई त्याच्या वावरात पाय ठेवणार नाही. कापूस फुटून लोंबून राह्यला, मातीत जाऊन राह्यला. जाऊ दे.

सोमवारी मी आन् शांतामाय ठाण्यात चाललो. एवढ्या वर्सांनी काय पुरावा, म्हणतील. हासतील. हाकलतील. हाकललं तर मंगळवारी जाऊ, बुधवारी जाऊ. मी डोळ्यानं पाह्यलं हाये, पुरावा मीच. आन् जबानीची पहिली ओळ मी माह्या पाळीचीच देईन, साऱ्या ठाण्याले ऐकू जाईल अशी.