प्रधान साहेबांचा उजवा पाय

"ही तांदळाची गोण मागच्या सीटवर बांधायची? आणि मी असं नेऱ्याच्या रस्त्यावर फिरायचं?" प्रधान साहेब म्हणाले.

"हो. पन्नास किलोची आहे," मी म्हटलं. "बाईंचं वजन साधारण तेवढंच असेल."

बाई, म्हणजे साहेबांची बायको, तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बावन्न."

साहेबांना हसू आलं नाही. अंगात नवं कोरं लेदर जॅकेट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, बाहेर पनवेलचं मे महिन्याचं ऊन. घामाने नुसते निथळत होते, पण जॅकेट काढायला तयार नव्हते. चार दिवसांनी बायकोला मागे बसवून लेह-लडाखला निघायचं होतं. तो रस्ता तेव्हा नुकताच लोकांना खुला झाला होता, आणि ज्याला खंडाळ्याचा घाट धड उतरता येत नाही तोसुद्धा लडाखच्या गोष्टी करायला लागला होता.

नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराची गोष्ट आहे. माझं गॅरेज पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. मी चौथी शिकलेला मेकॅनिक. प्रधान साहेब तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात इंजिनिअर. पाच-सहा वर्षं त्यांची शंभर सीसीची जपानी टू-स्ट्रोक माझ्याकडे यायची. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइल जाळणारं इंजिन. गाडी हलकी, उचल भयंकर, मागे निळा धूर. साहेब टाकीवर आडवे पडून कळंबोलीला ट्रकांच्या मधून काढायचे. अशा माणसाला लोक रायडर म्हणतात. मी काय म्हणतो ते छापता येणार नाही.

मग त्यांच्या हातात कुठलंसं परदेशी मासिक पडलं. त्यात वाळवंटात चाललेली उंच गाडी होती. दोन्ही बाजूंना पेट्या, मोठी टाकी, जाड खाचांचे टायर. ॲडव्हेंचर टूरिंग म्हणे. साहेबांनी चित्र माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "काका, मला अस्सं पाहिजे."

मी म्हटलं, "ही गाडी इथे मिळत नाही."

"म्हणून तर बुलेट घेतली. तुम्ही बनवा."

बनवली. त्यात माझं काय जातं? साडेतीनशे सीसीची सेकंडहँड बुलेट होती, इंजिन चांगलं होतं. कुर्ल्याच्या भंगारातून मिलिटरीच्या पत्र्याच्या पेट्या आणल्या, दोन्ही बाजूंना अँगल मारून बसवल्या. हँडल उंच केलं. पेट्रोलच्या कॅनला पुढे जागा केली. एक्स्ट्रा दिवे लावले. साहेब रोज संध्याकाळी ड्यूटी सुटली की यायचे आणि गाडीचे फोटो काढायचे. चालवायला मात्र एकदाही मागितली नाही. मला तेव्हाच कळलं की ह्या माणसाचं लग्न पेट्यांशी लागलेलं आहे, गाडीशी नाही.

आता मुख्य अडचण सांगतो. जपानी गाडीला गियर डाव्या पायाला असतो आणि ब्रेक उजव्या पायाला. त्या वेळच्या बुलेटला नेमकं उलटं. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला गियर वर उचलायचा, बाकीचे खाली दाबायचे. म्हणजे ज्याने पाच-सहा वर्षं उजव्या पायाने ब्रेक मारला, तो घाबरला की उजवा पायच दाबणार. बुलेटवर तिथे ब्रेक नाही. तिथे गियर आहे, आणि दाबला की पुढचा पडतो. गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटते.

हे मी साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "काका, मी इंजिनिअर आहे. लिंकेज मला कळतं."

"तुम्हाला कळतं. पायाला कळतं का?"

मी गाडी मेन स्टँडवर लावली, त्यांना वर बसवलं आणि मागून ओरडलो, "ब्रेक." उजवा पाय खाली गेला. पुन्हा बोलण्यात गुंतवलं आणि ओरडलो. पुन्हा उजवा. दहा वेळा केलं. सात वेळा उजवा पाय.

"तुम्ही अचानक ओरडता म्हणून," साहेब म्हणाले.

"रस्त्यावर काय आधी पोस्टकार्ड टाकून येतात?"

माझ्या गॅरेजचा नियम होता. कोणी जपानीवरून बुलेटवर किंवा बुलेटवरून जपानीवर गेला, की मागे पन्नास किलोची गोण बांधून समोरच्या रस्त्यावर दहा फेऱ्या. वर चढावर जायचं, खाली ओढ्यावरच्या मोरीपर्यंत उतरायचं, थांबायचं. मगच गाडी घरी. पनवेलचे लोक ह्यावरून माझी टिंगल करायचे. करू देत. साहेबांनी तर सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, कारखान्याची बस ह्याच रस्त्याने जाते, लोक बघतील.

"बघितलं तर काय होईल?" मी विचारलं.

"म्हणतील, प्रधानने रेशनचं दुकान काढलं."

बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "काका, एवढं जरुरीचं आहे का? हे चालवतात चांगलं."

 तेवढ्यात आमची यशोदा, माझी बायको, डबा घेऊन आली. ती रोज दुपारी यायची. तिचा डावा पाय घोट्यातून वाकडा पडायचा, त्यामुळे ती येताना दिसायच्या आधी तिच्या चपलेचा आवाज यायचा, एक पूर्ण, एक फरफट. तिने बाईंचं बोलणं ऐकलं होतं. डबा ठेवला आणि साडी जराशी वर करून घोटा दाखवला.

"मीपन ह्यांच्याबद्दल असंच म्हनली होती बाई. चालवतात चांगलं."

"काय झालं होतं?"

"ह्यांनाच इचारा. मेकॅनिक हायेत."

मग सांगावं लागलं. मी बारा वर्षं बुलेट चालवलेला माणूस. पहिली जपानी गाडी गॅरेजला आली तेव्हा मोठ्या तोऱ्यात बायकोला मागे बसवलं आणि ट्रायल म्हणून रोडपालीला निघालो. समोर बैलगाडी आली. मी ब्रेक म्हणून डावा पाय दाबला. तिथे गियर, दाबला की खालचा पडतो. मागचं चाक आडवं गेलं. मला खरचटलं. तिचा घोटा फुटरेस्ट आणि दगडाच्या मध्ये सापडला. मी स्वतःला तेव्हा पनवेलचा एक नंबर मेकॅनिक समजत होतो. गाढव होतो, दुसरं काही नाही.

यशोदा गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तिने त्या घोट्याबद्दल मला आयुष्यात एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. आता डबा मीच भरतो, मीच खातो.

तर ते ऐकून बाई स्टुलावरून उठल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "गोण बांधा. नाहीतर लडाखला तुमचे तुम्ही जा."

"मेधा, सगळ्यांसमोर काय हे?"

"सगळ्यांसमोरच. घरी तुम्ही ऐकत नाही."

साहेबांचं तोंड पडलं. मी गोण सुतळीने दोन वेढे देऊन बांधली. साहेबांनी किक मारली. बुलेटची किक टू-स्ट्रोकसारखी मारली की ती उलटी पोटरीवर बसते. बसली. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली.

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. रस्ता मोकळा होता आणि साहेब मनात मोजून पाय टाकत होते. तेवढ्यावर त्यांना वाटलं, आलं. तिसऱ्या फेरीला वरून येताना त्यांनी टू-स्ट्रोकवाली सवय काढली, टाकीवर वाकले आणि उतारावर गाडी सोडली. आम्ही तिघं गॅरेजच्या दारात उभे होतो. मोरीच्या बाजूने एका म्हाताऱ्याची म्हैस चढून रस्त्यावर आली. म्हशीने साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही.

मी उजव्या पायाकडेच बघत होतो. तो खाली गेला. इंजिनाचा आवाज हलका झाला, म्हणजे पुढचा गियर पडला, आणि गाडी जास्तच सुटली. मग साहेबांनी पुढचा ब्रेक आवळला आणि हँडल वळवलं. म्हैस वाचली. गाडी डाव्या अंगावर घासत मोरीच्या कठड्याला लागली. पत्र्याची पेटी चेपून पापड झाली. साहेब बांधावर गवतात पडले. गोण सुटून कठड्यावर आपटली, उसवली आणि तांदूळ मोरीखालच्या चिखलात गेला.

आम्ही पळत गेलो. साहेब उठून बसले होते. कोपर सोललं होतं, जॅकेट फाटलं होतं, बाकी ठीक. बाई त्यांच्याकडे गेल्या, हात-पाय चाचपून बघितले. मग कठड्यापाशी आल्या आणि त्या फाटक्या गोणीकडे बघत उभ्या राहिल्या.  यशोदाने त्यांचा हात धरला.

म्हशीचा म्हातारा मात्र ऐकेना. "काय वो साहेब, म्हस दिसली नाय का तुमाला? एवढी काली म्हस?"

साहेब म्हणाले, "मी ब्रेक मारला होता."

"मंग गाडी पलाली कशी?"



दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला साहेब गॅरेजच्या दारात. जॅकेट नाही, साधा शर्ट. मी दुसरी गोण बांधली. रजा पुढे ढकलली त्यांनी. दीड महिना रोज, ड्यूटीच्या आधी. कारखान्याच्या सकाळच्या पाळीची बस जाताना आतले लोक शिट्ट्या मारायचे. साहेब मान खाली घालून मोरीपर्यंत उतरायचे, डाव्या पायाने थांबायचे, पुन्हा चढायचे. मी शेवटच्या आठवड्यात कधीही ओरडायचो, चहा पिताना, पावती लिहिताना. पाय डावाच जायचा. मग म्हटलं, जा.

गेले. महिन्याने काळे-ठिक्कर पडून परत आले. साहेबांनी गॅरेजमध्ये दोन तास खिंडीच्या, बर्फाच्या, पंक्चरच्या गोष्टी सांगितल्या. प्रत्येक गोष्टीत शूर तेच. पेट्या किती उपयोगी पडल्या, दिवे किती लांब पडले. पायाचं नाव नाही.

मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "पाय किती वेळा चुकला?"

त्यांनी नवऱ्याची पाठ आहे हे बघून घेतलं आणि दोन बोटं दाखवली. मग हळूच म्हणाल्या, "दोन्ही वेळा मी आधीच उतरून चालत होते, काका. उताराला मी बसतच नव्हते."

एवढी अक्कल त्या प्रवासात एकाच माणसाकडे होती, आणि ते माणूस मागच्या सीटवर होतं. गाडी बदलायला कागदावर एक सही पुरते. पाय बदलायला दीड महिनाही पुरत नाही. हे ज्याला पटत नाही त्याने खुशाल पेट्या बसवून घ्याव्यात. बसवून देणारे आम्ही आहोतच.